झुडपी जंगलातलं फुटबॉल मैदान

मुलांनो, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं एकाच वेळी बोलत होतात, म्हणून मला अर्धंच कळलं. उरलेलं तुमच्या आईने नंतर सांगितलं. तुमच्या क्लबच्या नव्या स्टँडचा अर्ज पुन्हा परत आला, जुन्या स्टँडचं छप्पर आणखी एक मोसम तसंच गळणार, आणि थोरला रागावून जेवला नाही. धाकटीने मला विचारलं होतं, "आजी, तुमच्याकडे तरी मैदानं बांधून होतात का?" तेव्हा मी नुसती हसले. फोनवर सांगण्यासारखं ते उत्तर नव्हतं.

आता लिहिते आहे याचं एक कारण हा प्रश्न, आणि दुसरं तुमचे आजोबा. आमच्या मैदानाची हकिकत ते येईल त्याला सांगतात, आणि दर वेळी तलाव थोडा मोठा होतो आणि तलाठी थोडा लहान. माझ्याकडे वही आहे. वहीवरून लिहिलेलं बरं. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला पटकन वाचता आलं असतं. पण इथल्या माणसांची बोलणी इंग्रजीत नेली की ती माणसं एकदम सभ्य होतात, आणि ते खोटं ठरेल. जिथे अडाल तिथे आईला मोठ्याने वाचायला सांगा. तिला ही बोली येते, येत नाही असं ती दाखवते एवढंच.

मी आयर्लंडला तुमच्याकडे तीन महिने राहिले तेव्हा तुम्ही मला दर सामन्याला नेत होतात. मला आठवतो तो पत्र्याखालचा ओलसर वास, लाकडी बाकं, आणि चहाच्या टेबलामागचे लोकरी टोपीतले सेक्रेटरी-आजोबा. "पुढच्या मे महिन्यात इथे फावडं पडेल," असं त्यांनी मला सांगितलं. तुमच्या बाबांनी हळूच सांगितलं की ते स्वतः लग्नानंतर तिथे राहायला आले तेव्हाही हाच 'पुढचा मे' होता.

मैदानाच्या फाटकावर नोटीस लावली होती. तुम्ही दोघं पुढे पळालात आणि मी पावसात उभी राहून ती पूर्ण वाचली. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे छापील कागद अर्धवट सोडवत नाही. काय बांधणार, किती उंच बांधणार, नकाशा कुठे पाहता येईल, आणि कोणाची हरकत असेल तर ती किती दिवसांत लेखी पाठवायची, सगळं स्पष्ट होतं. हरकती आल्याही. शेजारच्या बाईंच्या परसात सावली पडणार होती. गाड्या कुठे लावायच्या असा एकाचा प्रश्न होता. जुन्या छपरात वटवाघळं राहतात, ती मोजायला एक माणूस संध्याकाळी खुर्ची टाकून बसला होता. तुम्हाला त्या बाईंचा राग होता. मला त्या बस थांब्यावर भेटल्या, परसातल्या वाटाण्याच्या वेलांबद्दल चांगला अर्धा तास बोलल्या. मला ती पद्धतच फार आवडली. ज्याला जे म्हणायचं आहे ते त्याने लिहावं, ज्याला बांधायचं आहे त्याने उत्तर द्यावं. मी मनाशी म्हटलं, हे आपल्या गावात करून पाहायचं. ही माझी चूक होती. ती कशी, ते पुढे येईल.

आपलं मैदान तुम्ही लहानपणी पाहिलं आहे, पण तेव्हा तुम्हाला बकऱ्या जास्त आवडायच्या, म्हणून पुन्हा सांगते. गावाच्या कडेला एका अंगाला तलावाची पाळ, दुसऱ्या अंगाला घरांची ओळ, एका कोपऱ्यात मोहाचं मोठं झाड, आणि मध्ये मैदान. सकाळी चरायला जाण्याआधी गावाची गुरं तिथेच गोळा होतात. त्या जागेला आमच्याकडे आखर म्हणतात. गुरं गेली की शेण उचललं जातं आणि संध्याकाळी फुटबॉल होतो. हा खेळ इकडे रेल्वेतल्या माणसांनी आणला असं आजोबा सांगतात. ते स्वतः तरुणपणी गोलकीपर होते. धानाच्या रोवणीच्या दिवसांत चिखलाच्या हातांनीच बॉल अडवायचे, आणि तो हातात चिकटून राहायचा म्हणून सुटायचा नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. यावर माझ्या वहीत काही नोंद नाही.

मी निवृत्त झाल्यावर मुलींचा संघ सुरू झाला. मी सुरू केला असं लोक म्हणतात, पण खरं म्हणजे मुली आधीच खेळत होत्या, मी फक्त शिट्टी घेतली. दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई भरते, म्हणजे जत्राच. रात्री दंडार, म्हणजे इकडचं लोकनाट्य, होते आणि दिवसा फुटबॉलचे सामने होतात. देवरीकडचे संघ येतात, सौंदडचे येतात. मुलींचाही सामना ठेवायचा असं ठरलं. अडचण एकच होती. कपडे बदलायला जागा नव्हती. दोन मुली चादर धरून उभ्या राहायच्या आणि तिसरी आत. पाहुण्या संघाची चादर वेगळी. वारा सुटला की सगळ्याजणी किंचाळायच्या आणि पाळीवर बसलेली मंडळी तोंड फिरवायची, काही जण थोडं उशिरा.

त्या वर्षी दोघी खेळायच्या थांबल्या. मग आमच्या गोलकीपरचे वडील घरी आले. पायरीवरच उभे राहिले.

"मास्तरीणबाई, पोट्टी चांगली खेळते, मले माहीत आहे," ते म्हणाले. "पण आता ते मोठी झाली. चादरीमागं कपडे नाही बदलू देणार मी. खोली असन तर खेळन. नाहीतर या मंडईपासून बंद."

मला त्यांच्याशी भांडता आलं नाही, कारण त्यांचं बरोबर होतं. मुलगी दाराशी सायकल धरून उभी होती. तिच्या हातात तुमच्या आजोबांचे जुने मोजे होते, शिवून शिवून त्यांचे हातमोजे केलेले.  ती गेली तर तिच्यामागे निम्मा संघ जाणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मंडईला पाच महिने होते.

मी आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. मोहाच्या झाडाखाली एक पक्की खोली, तिला लागून संडास, आणि आहेच काम तर प्रेक्षकांसाठी चार पायऱ्या. आजोबांनी तो चष्मा लावून पाहिला.

"हे स्टेडियम आहे," ते म्हणाले.

"खोली आहे."

"चार पायऱ्या आहेत ना? मग स्टेडियमच."

संध्याकाळपर्यंत सगळं गाव स्टेडियम म्हणू लागलं, आणि तिथून पुढे मला तो शब्द कोणाच्या तोंडातून काढता आला नाही.

मग मी नोटीस लिहिली. तुमच्या फाटकावरच्यासारखीच, मराठीत, सुवाच्य अक्षरात. काय बांधायचं आहे, कुठे, आणि 'कोणास आक्षेप असल्यास तीन आठवड्यांत लेखी कळवावे'. एक प्रत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावली, एक किराणा दुकानात, एक मोहाच्या खोडाला सुतळीने बांधली. दुकानात बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला आणि त्याच्या झाकणाला चीर पाडली.

"आक्षेप मागून काऊन राहिली?" आजोबांनी विचारलं. "इथं ते न मागता भेटते."

"पद्धत आहे ती," मी म्हटलं.

तीन आठवड्यांनी मी डबा उघडला. आत एकच चिठ्ठी होती, आणि अक्षर ओळखीचं होतं. 'या डब्यातली बिस्किटं कोणी खाल्ली? एक आक्षेपक.' आजोबा दुपारभर स्वतःवर खूश होते.

मी समजले, कोणाचा काही आक्षेप नाही. गाव किती शहाणं आहे, असंही मी वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी बाजाराला तालुक्याच्या गोरेगावला निघाले तर एसटीत माझ्या शेजारी मोहवाली मावशी येऊन बसली. मैदानातल्या त्या मोहाखाली फुलं वेचण्याचा मान तिच्या घराकडे आहे, कोणीही कधी लिहून न दिलेला, म्हणून सगळं गाव तिला मोहवाली म्हणतं. वयाने ती माझ्याहून मोठी. आणि आमची गोलकीपर ही तिचीच नात.

"माझ्या झाडाले कागद बांधला म्हणते तुम्ही," ती म्हणाली.

"नोटीस आहे, मावशी. तुम्हाला काही म्हणायचं असेल तर लिहून द्यायचं होतं."

"मले लिहिता येते काय? आन् नोटीस तर बँकेची येते, कोर्टाची येते. लोक भेऊन राहिले तुमच्या कागदाले. ज्याईले वाचता येते ते रुसून बसले."

"रुसले? कायले?" गोरेगावच्या रस्त्यावर माझीही जीभ तिच्याकडे वळली.

"भिंतीले सांगतलं, झाडाले सांगतलं, आमाले नाही सांगतलं. तुमच्या घरचं लग्न असतं तर असाच कागद डकवला असता काय?"

समोरच्या सीटवरच्या दोन बायकांनी मान हलवली. संपूर्ण एसटी माझ्या विरोधात होती.

परत आल्यावर मी वही घेऊन घरोघर गेले. बसले, चहा घेतला, आक्षेप विचारले. मुलांनो, मग मात्र आले. वहीची अकरा पानं भरली. गुराख्याचं म्हणणं, खोली झाली तर सकाळी गुरं उभी कुठे राहतील, आणि गाय काही नकाशा पाहून उभी राहत नाही. दंडारवाल्यांचं म्हणणं, त्यांचा मंच दर वर्षी नेमका तिथेच असतो. घरांच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्या बाबाजींनी मला ओट्यावर शेजारी बसवलं, मैदानाकडे बोट केलं आणि म्हणाले, "इथून दोन्ही गोल दिसते मले. तुमची भिंत आली का एकच गोल दिसन. मग मी अर्धीच म्याच पाहू काय?" मला तुमच्या वाटाण्याच्या वेलवाल्या बाई आठवल्या. त्यांची सावली आणि यांचा गोल एकच होता.

सगळ्यात शेवटी मी मावशीकडे गेले. तिचं घर मैदानाच्या अगदी कोपऱ्याला, मोहाच्या समोर. ती सूप घेऊन अंगणात बसली होती.

"माझा आक्षेप लिहा," ती म्हणाली. "खोलीचा पाया खोदला का मोहाच्या मुळ्या तुटते. झाड वाळते. चैतात मी काय वेचू, तुमच्या इटा?"

"पण मावशी, खोली तुमच्याच नातीसाठी आहे. तुमच्याच मुलाने सांगितलं, खोली नाही तर खेळ नाही."

"नात माझी आहे, लेक माझा आहे, आन् मोहही माझाच आहे. तिघाईतला कोण सोडू?"

 विषय बदलावा म्हणून मी तिला तुमच्या स्टँडमधल्या वटवाघळांची गोष्ट सांगितली. सरकारी कायदा आहे, ती राहतात तिथे हात लावता येत नाही, मोजायला माणूस येतो.

मावशीने सूप खाली ठेवलं. "वटवाघळं? ते तर रातभर माझे मोहफुलं खाते जी. तुमच्या पोरीले सांगा, इथलेही घेऊन जा म्हणा. मोजायची गरज नाही. सगळेच न्या."

खोली मोहापासून दूर सरकवून मी नवा नकाशा काढला. गुरांना वाट ठेवली, बाबाजींना दोन्ही गोल ठेवले, दंडारीला मंच ठेवला. खोली आता तलावाच्या पाळीला टेकली होती, आणि पायऱ्या चाराच्या दोन झाल्या होत्या. तो घेऊन मी तलाठ्याकडे गेले. तरुण मुलगा, नम्र, माझ्या एका विद्यार्थिनीचा मुलगा निघाला. त्याने नोंद काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"मॅडम, तिथे जंगल आहे," तो म्हणाला.

"कुठे?"

"मैदानावर. झुडपी जंगल अशी नोंद आहे."

"अरे, तिथे एक झुडूप नाही. गोलपोस्ट आहेत."

"मी स्वतः तिथे खेळलोय, मॅडम. पण कागदावर जंगल आहे. जंगलात पक्कं बांधकाम करायचं तर प्रस्ताव वर पाठवावा लागेल. आणि पाळीला टेकून काही करायचं तर ती पाळ वेगळ्या खात्याकडे आहे."

विदर्भात अशा जमिनी पुष्कळ आहेत. कधीकाळी कोणीतरी पाहिलं, झुडपं दिसली, लिहून ठेवलं. झुडपं गेली, शाळा झाल्या, गावं वसली, नोंद राहिली. त्या मुलाचा काही दोष नव्हता. त्याने मला प्रस्ताव नीट लिहायला मदत केली, आणि मी शिकवलेल्या आईचा तो मुलगा असूनही त्यातल्या दोन चुका मी दुरुस्त केल्या. प्रस्ताव गेला. मंडईला सहा आठवडे उरले होते. परतताना मला तुमचे सेक्रेटरी-आजोबा आठवले, आणि त्यांचा मे महिना आता मला विनोदी वाटेना.

घरी आले तर गोलकीपर मुलगी अंगणात आजोबांकडून बॉल झेलत होती. आजोबा खुर्चीत बसून फेकत होते आणि दर वेळी "डावा पाय" म्हणत होते. मी तिला बसवून सगळं सांगितलं. मोठ्या मुलीला खोटी आशा द्यायची नाही हा माझा शाळेतला नियम आहे. तिने बॉल मांडीवर घेतला आणि म्हणाली, "म्हणजे हे शेवटची मंडईही नाही काय?" मग मोजे काढून नीट घडी करून आजोबांच्या खुर्चीवर ठेवले. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन मावशीकडे गेले. ज्यांचे आक्षेप घेतले त्यांना निकाल सांगणं माझं काम होतं, आणि यादीत शेवटचं नाव तिचं होतं म्हणून सुरुवात तिच्यापासून केली. झाड वाचलं, मावशी, मी म्हटलं. खोली होत नाही. जंगल निघालं.

"मले समजलं," ती म्हणाली. "पोट्टी जेवली नाही काल." मग माझ्याकडे पाहत, "खोलीच पाहिजे होती ना तुमाले?"

"हो."

"मंग ते बांधून कायले राहिल्या? माझा गोठा रिकामा आहे. ट्रॅक्टर आला आन् बैल गेले. दोन साल झाले, नुसती कवेलूची खोली उभी आहे. मैदान तिथून चार पावलं."

 तिच्या खांद्यावरून तो कौलारू गोठा मला दिसत होता. मागच्या वेळी याच अंगणात बसून मी तिचा आक्षेप लिहून घेतला होता, तेव्हाही तो तिथेच होता.

"मावशी, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही इचारलं काय? तुम्ही आक्षेप मागतले, आमी आक्षेप देल्ले. खोली मागतली असती तर खोली देल्ली असती."

मुलांनो, हे वाक्य मी त्याच सकाळी वहीत उतरवून घेतलं, आणि त्याखाली रेघ मारली. तुमच्या गावची पद्धत वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण आमच्या गावात माणसाला जे मागाल ते तो देतो, आणि मी पाच महिन्यांतले साडेतीन महिने लोकांकडून नकार मागण्यात घालवले होते.

गोठा तिच्या घराच्या जागेत, म्हणजे गावठाणात होता. तिथे जंगल नव्हतं. पाया खोदायचा नव्हता, भिंत नवी नव्हती, म्हणून कोणाचाही गोल झाकला जात नव्हता. गुराख्याने गव्हाण काढून दिली, आणि तिच्या फळ्यांचं बाक केलं. दंडारवाल्यांनी त्यांचा रंगीत पडदा मधोमध लावायला दिला, म्हणजे दोन संघांना दोन बाजू झाल्या. गोलकीपरच्या वडिलांनी दाराला आतून कडी बसवली. ती त्यांनी स्वतः तीन वेळा आत जाऊन लावून पाहिली, आणि तिसऱ्या वेळी ती अडकली, तेव्हा त्यांच्या आईने, म्हणजे मावशीने, बाहेरून त्यांना जे सुनावलं ते मी लिहीत नाही. संडास मावशीच्या अंगणात होताच.

मावशीने अट एक घातली. चैत्रात मोहफुलं पडू लागली की संघाने पहाटे येऊन आठ दिवस वेचायला मदत करायची. "धावायचीच सवय आहे तुमाले," ती मुलींना म्हणाली, "जरा वाकायचीही करा."

मंडईच्या दिवशी सौंदडच्या मुली आल्या, गोठ्यात शिरल्या, आणि एकीने नाक मुरडून म्हटलं, "इथं बैल बांधत होते वाटते." आमच्या गोलकीपरने आतूनच उत्तर दिलं, "हो, म्हणून आमी मारके आहो." कडी निघाली, दार उघडलं, आणि ती बाहेर आली. अंगात पूर्ण गणवेश, हातात तेच मोजे. तिचे वडील दाराकडे पाठ करून पहाऱ्यासारखे उभे होते. ती त्यांच्या शेजारून पळत गेली तेव्हा त्यांनी मान तिच्याकडे वळवली, आणि मग सामना संपेपर्यंत तिच्यावरून नजर काढली नाही.

आम्ही एका गोलने हरलो. तो गोल तिच्या डाव्या पायाकडून गेला, आणि आजोबा ओट्यावर बाबाजींच्या शेजारी बसून कितीतरी वेळ "डावा पाय, डावा पाय" म्हणत राहिले. बाबाजींनी त्यांना सांगितलं, "चूप राहा ना जी. दोन्ही गोल दिसून राहिले, हे काय कमी आहे?"

तुमच्या सेक्रेटरी-आजोबांना माझा नमस्कार सांगा. त्यांना उपदेश करायची माझी हिंमत नाही, त्यांचा स्टँड मोठा आहे आणि कायदे वेगळे. पण त्या वेलवाल्या बाईंकडे कोणी चहा प्यायला जाऊन काही मागितलं आहे का, एवढं विचारून पाहा.

आमचा प्रस्ताव वर कुठेतरी आहे. तलाठी मुलगा भेटला की आठवणीने त्याची खुशाली सांगतो. पायऱ्या झाल्या नाहीत. लोक पाळीवर बसतात. मैदान सात-बाराच्या कागदांत अजून झुडपी जंगलच आहे. मोह उभा आहे. गोठ्याच्या दाराला आतून कडी आहे, आणि मुलींचा संघ खेळतो आहे.